ठरलेल्या वेळी येणारी गाडी



स्मृतिव्याख्यानासाठी वक्त्याने धर्म, साहित्य, इतिहास अशा एखाद्या उन्नत विषयाची निवड करावी असा आपल्याकडे पूर्वापार संकेत आहे. तो बाजूस ठेवून शहरातल्या बसगाडीसारखा विषय मी आज आपल्यापुढे आणीत आहे, तेव्हा त्याचे कारण सांगणे माझे कर्तव्य आहे. ज्या गोष्टीवर सहस्रावधी माणसांचे रोजचे अन्न, औषध आणि विद्या अवलंबून असते, आणि तरीही जिच्याविषयी सुशिक्षित समाजात गंभीरपणे बोलण्याची प्रथा उरलेली नाही, ती गोष्ट अशा सभेतच बोलली गेली पाहिजे. आपल्यापैकी बहुतेकांनी आपापली वाहने घेतली, त्या दिवसापासून शहराच्या बसकडे पाहणे सोडून दिले; आणि ज्यांना ती सोडता येत नव्हती त्यांची तक्रार दफ्तरापर्यंत पोचवणारा कोणी उरला नाही. रायपूरच्या बसची आजची स्थिती माझ्या मते या एका घटनेतून निघालेली आहे.

हे व्याख्यान मी मनोमन पंडित माधवराव सप्रे यांच्या स्मृतीस वाहतो. मराठी घरात जन्मलेल्या या पुरुषाने १९०० सालच्या जानेवारीत पेंड्र्यासारख्या आडबाजूच्या ठिकाणाहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. संपादनात रामराव चिंचोलकर आणि प्रकाशनात वामनराव लाखे यांनी त्यांना साथ दिली; लाखे यांचे नाव या प्रांतात पुढे सहकारी चळवळीशी कायमचे जोडले गेले. मजकूर पेंड्र्यात सिद्ध व्हावा, छपाई प्रथम रायपूरला आणि पुढे नागपूरला व्हावी, आणि अंक टपालाने वाचकांच्या घरी जावा, अशी त्या मासिकाची व्यवस्था होती. म्हणजे रेल्वे आणि टपाल या दोन सार्वजनिक व्यवस्था वक्तशीरपणे चालत होत्या म्हणूनच ते निघू शकले. तीन वर्षांत आर्थिक तोट्यामुळे ते बंद पडले. त्याच्या जमाखर्चाची वही पाहून त्याचे मोल ठरवावे असे मात्र या सभेत कोणी म्हणणार नाही, आणि तोटा या विषयाकडे मी आज येणार आहे तो हे मोजमाप मनात धरूनच.

रायपूर हे समुद्रापासून फार दूर, मैदानी मुलखातले गाव. नागपूरकर भोसले घराण्यातले बिंबाजी भोसले १७५८ पासून रतनपुरास राहून छत्तीसगढचा हा मुलूख पाहत होते. पुढे १८१८ नंतर इंग्रज सुपरिंटेंडेंट आला, त्याने कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपुरास आणले, आणि तेव्हापासून हे गाव रस्त्यांचे गाव झाले. आजही आमानाका, पचपेडी नाका ही नावे जुन्या वेशींची खूण सांगतात, आणि तात्यापाऱ्यातली मराठी घरे त्या काळाची आठवण देतात. नागपूरकडून येऊन ओरिसाकडे जाणारा जी. ई. रोड, बिलासपूरकडचा रस्ता, धमतरी-जगदलपूरकडचा रस्ता आणि बलौदाबाजारकडचा रस्ता यांच्या मिळणीवर वसलेल्या या शहराची वस्ती २०११ च्या खानेसुमारीत दहा लाखांवर गेली होती. त्यानंतर उरला-सिलतरा या बाजूचे कारखाने आणि तिकडे नवी राजधानी म्हणून वसवलेला नवा रायपूर यांमुळे शहर किती पसरले, ते आपण रोज पाहतच आहोत. असे शहर पायी चालून पुरे होत नाही.

आता बसच्या इतिहासाकडे वळतो. तो आपल्या लोकांना फारसा माहीत नाही, आणि आजच्या प्रश्नाचे मूळ त्यातच आहे. जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडात नागपूर ही राजधानी आणि रायपूर हा एक जिल्हा होता, त्या काळी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस ट्रान्स्पोर्ट सर्व्हिसेस या नावाची नागपूरची कंपनी प्रांतात गाड्या चालवीत असे, आणि १९५५ साली तिचा कारभार सरकारने आपल्या ताब्यात घेतला. दुसऱ्याच वर्षी राज्यपुनर्रचना झाली आणि एका प्रांताचे दोन भाग झाले. विदर्भाचा भाग मुंबई राज्याकडे गेला. तिथली सरकारी बससेवा १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात, म्हणजे आपण ज्याला एसटी म्हणतो त्यात, मराठवाड्याच्या सेवेसह विलीन झाली. महाकोशल-छत्तीसगढचा भाग नव्या मध्य प्रदेशात राहिला, आणि २१ मे १९६२ रोजी मध्य प्रदेश राज्य मार्ग परिवहन निगम स्थापन झाले. दोन्ही संस्थांना आधार एकच होता, तो १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याचा. एका प्रांताच्या दोन भागांत, एकाच कायद्याखाली, अवघ्या वर्षाच्या अंतराने दोन संस्था उभ्या राहिल्या. त्यांतली एक आज जिवंत आहे आणि दुसरी नाही. समाजशास्त्राच्या अभ्यासकाला इतकी स्वच्छ तुलना क्वचितच सापडते.

एसटीची कथा आपल्या घराघरांत आहे. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली गाडी सुटली. पुढे गाव तिथे एसटी हे उद्दिष्ट ठरले आणि ज्या गावाला पाच महिने चिखलाचा रस्ता होता तिथे रस्ता होताच गाडी गेली. संध्याकाळी शेवटच्या गावी जाऊन तिथेच रात्र काढणारी, आणि पहाटे शाळेची मुले, दूध, भाजी आणि आजारी माणूस घेऊन तालुक्याला परतणारी मुक्कामी गाडी ही महाराष्ट्राच्या ग्रामजीवनातील फार मोठी गोष्ट आहे. त्या गाडीचे भारमान, म्हणजे जागांच्या प्रमाणात भरलेली माणसे, कधीही समाधानकारक नव्हते. तरी ती गेली, कारण ती जाण्यास बांधलेली होती. मी एसटीची वास्तविक स्थिती झाकीत नाही. तिच्यावर संचित तोट्याचा डोंगर आहे, तिच्या पुष्कळ गाड्या जीर्ण आहेत, आणि २०२१ च्या अखेरीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत चाललेल्या कर्मचाऱ्यांच्या संपात ग्रामीण महाराष्ट्राने किती हाल सोसले ते अजून ताजे आहे. परंतु संप मिटला तेव्हा गाड्या पुन्हा त्याच आगारांतून, त्याच मार्गांवर, त्याच गावांना निघाल्या. आगार होते, चालक-वाहक होते, वेळापत्रक होते, आणि गाडी आली नाही तर ज्याला जाऊन विचारावे असा आगार व्यवस्थापक होता. पंचाहत्तर वर्षांवरील वृद्धांना २०२२ पासून मोफत आणि स्त्रियांना मार्च २०२३ पासून अर्ध्या तिकिटात प्रवास देण्याचा निर्णय सरकारला करता आला, तोही संस्था हयात होती म्हणून. सवलत देण्यासाठी आधी सेवा असावी लागते.

इकडे काय झाले? १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य निर्माण झाले, त्या वेळी जुने निगम आधीच खिळखिळे झालेले होते. त्याची कारणे अनेक होती: गाड्यांच्या मानाने वाढलेला नोकरवर्ग, वय झालेल्या गाड्या, आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने परवाने सैल झाल्यानंतर भरघोस उत्पन्नाच्या मार्गांवर उभी राहिलेली खाजगी स्पर्धा. नव्या राज्याने स्वतःचे परिवहन महामंडळ काढले नाही. निगमाची इकडची मालमत्ता आणि माणसे अधोसंरचना विकास निगमाकडे गेली, आणि थोड्याच वर्षांत सरकारी बस या प्रदेशाच्या रस्त्यांवरून नाहीशी झाली. २००५ मध्ये मध्य प्रदेशानेही आपले निगम बंद करण्याचा निर्णय घेतला. तेव्हापासून छत्तीसगढच्या गावोगावची वाहतूक खाजगी मालकांच्या गाड्यांवर चालते. या मालकांविषयी मला आदर आहे. सरकारने हात काढून घेतल्यावर या प्रदेशाला चालते ठेवण्याचे काम त्यांनी केले. परंतु खाजगी मालक उत्पन्न असेल तिथे आणि उत्पन्न असेल त्या वेळी गाडी नेणार, हा त्याच्या व्यवसायाचा न्याय आहे. दुपारी तीन वाजता रिकाम्या रस्त्याने गाडी नेण्याचे दायित्व त्याच्यावर कोणीच टाकलेले नाही, आणि न टाकलेल्या दायित्वाबद्दल त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. हे सरकारलाही उमगत असावे, म्हणून २०२५ मध्ये बस्तर आणि सरगुजा भागांतील दुर्गम गावांसाठी सरकारी साहाय्याने ग्रामीण बस योजना सुरू झाली. वीस वर्षे ज्याची गरज नाही असे मानले, तेच लहान प्रमाणात पुन्हा हाती घ्यावे लागले. मी या पावलाचे मनापासून स्वागत करतो.

आता खुद्द रायपूर शहर. केंद्र सरकारच्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानात हे शहर होते, आणि २००९ मध्ये त्या अभियानातून शहरांना बसगाड्यांसाठी पैसा मिळू लागला तेव्हा रायपुरासही सिटी बस आली. ती चालविण्यासाठी जिल्ह्याची अर्बन पब्लिक ट्रान्स्पोर्ट सोसायटी स्थापन झाली आणि प्रत्यक्ष चालविण्याचे काम कराराने खाजगी ठेकेदारांकडे देण्यात आले. नंतर नव्या रायपुरासाठी जागतिक बँकेच्या साहाय्याने वेगळी बस योजना झाली. तीच योजना पिंपरी-चिंचवड, हुबळी-धारवाड या आपल्या परिचयाच्या शहरांतही होती. १ नोव्हेंबर २०१६ रोजी, राज्याच्या स्थापनादिनी, पंतप्रधानांच्या हस्ते त्या बससेवेचे उद्घाटन झाले. मग २०२० ची टाळेबंदी आली. गाड्या आमानाक्याच्या डेपोत उभ्या राहिल्या, आणि टाळेबंदी उठल्यावरही त्यांपैकी कित्येक पुन्हा बाहेर पडल्या नाहीत. उभ्या गाडीचे टायर, बॅटरी आणि रबराचे भाग किती लवकर निकामी होतात हे कोणताही मिस्त्री सांगेल. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने पीएम ई-बस सेवा मंजूर केली. दहा हजार विजेच्या गाड्यांच्या त्या योजनेत छत्तीसगढच्या वाट्याला दोनशे चाळीस आल्या आणि त्यांतल्या शंभर एकट्या रायपूरच्या आहेत.

श्रोतेहो, पंधरा वर्षांचा हा क्रम एकदा नीट पाहावा. या शहराला गाड्या मिळाल्या नाहीत असे कधीच झाले नाही. गाड्या दर वेळी मिळाल्या, समारंभपूर्वक मिळाल्या. मिळाली नाही ती त्या गाड्यांना सकाळी साडेपाचला बाहेर काढणारी, रात्री धुऊन-तपासून ठेवणारी, त्यांचा चालक आजारी पडला तर दुसरा देणारी आणि दहाव्या वर्षी त्यांच्या जागी नवी गाडी घेण्यासाठी पहिल्या वर्षापासून पैसा बाजूला टाकणारी कायमची संस्था. भांडवली खर्चासाठी दिल्लीहून एकदाच रक्कम येते, तिचे छायाचित्र निघते आणि काम झाल्यासारखे वाटते. आवर्ती खर्च मात्र वर्षानुवर्षे येथल्याच तिजोरीतून करावा लागतो, आणि त्याची तरतूद करण्याची वेळ आली की प्रत्येक दफ्तर दुसऱ्या दफ्तराकडे बोट दाखविते. विहीर खणून दिली आणि रहाट-दोर ठेवलाच नाही, तर तहानलेल्याला तिच्यातले पाणी नुसते दिसते.

कराराचा प्रकार हा याच दोषाचा एक भाग आहे, आणि तो थोडा विस्ताराने सांगितला पाहिजे. शहरबसचे करार स्थूलमानाने दोन रीतींनी होतात. पहिल्या रीतीत तिकिटाचे उत्पन्न ठेकेदाराने घ्यावे, डिझेल-पगार-दुरुस्ती त्यानेच भागवावी आणि वर काही रक्कम सरकारजमा करावी. अशा करारात तोट्याची सारी भीती ठेकेदारावर पडते. साहजिकच तो स्टेशन ते तेलीबांधा अशा गर्दीच्या भागात गाड्या फिरवतो, सकाळी नऊ आणि संध्याकाळी सहाच्या फेऱ्या करतो, आणि दुपारच्या वा रात्रीच्या फेऱ्या वेळापत्रकावरून हळूहळू गळून पडतात. दुसऱ्या रीतीत गाडी जितके किलोमीटर ठरल्याप्रमाणे चालेल तितक्यांचे पैसे ठेकेदाराला मिळतात. तिकिटाचे उत्पन्न शहराच्या खात्यात जाते, आणि गाडी उशिरा आली, चुकली वा अस्वच्छ असली तर दंड कापला जातो. तोट्याची भीती इथे शहरावर येते, पण मार्ग आणि वेळ ठरविण्याचा अधिकारही शहराकडे येतो. पीएम ई-बस सेवेत ही दुसरी रीत आहे, केंद्र प्रतिकिलोमीटर साहाय्य दहा वर्षांपर्यंत देणार आहे, आणि ठेकेदाराचे पैसे थकू नयेत म्हणून २०२४ मध्ये निराळी हमी-योजनाही मंजूर झाली. जुन्या व्यवस्थेपेक्षा ही निःसंशय चांगली आहे. तिच्यात एक अट मात्र गृहीत आहे: किलोमीटर मोजणारे, वेळ तपासणारे आणि दंड करण्याचे धैर्य असलेले जाणते कार्यालय शहरात असले पाहिजे. दुसऱ्या कामातून वेळ काढून सोसायटीच्या बैठकीस येणाऱ्या अधिकाऱ्यांकडून हे होणार नाही. तो त्यांच्या निष्ठेचा दोष नव्हे, कामाच्या वाटणीचा आहे.

आता थोडे गणित करू, कारण शंभर गाड्या ऐकायला पुष्कळ वाटतात. समजा, एक मार्ग पंधरा किलोमीटरचा आहे, टाटीबंधहून एम्स, विद्यापीठ, आमानाका, जयस्तंभ, शास्त्री चौक, तेलीबांधा करीत पलीकडे जाणारा. गर्दीत गाडीची सरासरी गती ताशी पंधरा किलोमीटर धरली तर जाण्यास एक तास लागेल, आणि दोन्ही टोकांच्या थांब्यांवर दहा-दहा मिनिटे विसावा धरला तर जाऊन-येऊन एकशे चाळीस मिनिटे होतील. दर दहा मिनिटांनी गाडी हवी असेल तर या एका मार्गाला चौदा गाड्या पाहिजेत. शंभरांतल्या आठ-दहा गाड्या दुरुस्तीसाठी आणि राखीव ठेवाव्या लागतात. उरलेल्या नव्वदांत असे सहा मार्ग होतात. त्याऐवजी प्रत्येक वॉर्डाला आणि प्रत्येक पुढाऱ्याला संतुष्ट करण्यासाठी वीस मार्ग केले, तर प्रत्येकी चार-पाच गाड्या येतील आणि थांब्यावर अर्धा तास उभे राहावे लागेल. नवतपाच्या दिवसांत, म्हणजे मे महिन्याच्या अखेरीच्या त्या जाळणाऱ्या उन्हात, छप्पर नसलेल्या थांब्यावर अर्धा तास कोण उभा राहील? तो शेअरच्या ऑटोत वा ई-रिक्षात चढून जाईल, बस रिकामी धावेल, आणि वर्षाअखेरीस कागदावर लिहिले जाईल की रायपूरच्या लोकांना बस नकोच आहे. हे निदान खोटे असेल, पण आकडे त्याला साक्ष देतील. म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे आहे की प्रारंभी मार्ग थोडे असावेत आणि त्यांवर गाड्या दाट असाव्यात. वाट पाहावी लागत नाही असा अनुभव एकदा आला की माणूस बसवर भरवसा ठेवतो, आणि भरवसा बसला की पुढचे मार्ग वाढविणे सोपे जाते.

हेच गणित आणखी एक गोष्ट शिकविते. तोच मार्ग गाडीने ताशी पंधराऐवजी वीस किलोमीटर गतीने कापला तर फेरी एकशे दहा मिनिटांत होते आणि चौदाऐवजी अकरा गाड्यांत काम भागते. सहा मार्गांवर मिळून अठरा गाड्या मोकळ्या होतात. म्हणजे एक पैसाही न वेचता दीड मार्गाची नवी सेवा हाती येते. ही गती कशाने वाढेल? चौकातल्या दिव्यावर बसला आधी वाट दिल्याने, थांब्याच्या जागेवर उभ्या राहणाऱ्या मोटारी हटविल्याने, आणि जिथे रस्ता रुंद आहे तिथे एक पट्टा बससाठी राखून ठेवल्याने. रायपुरात रस्ता रुंद करण्यावर अमाप द्रव्य खर्च झाले आहे. स्टेशनपासून केंद्रीपर्यंतचा एक्स्प्रेस-वे हे याचे ठळक उदाहरण. ज्या जमिनीवरून धमतरीची छोटी रेल्वे शंभरांहून अधिक वर्षे गरीब माणसांना, त्यांच्या टोपल्या-गाठोड्यांसकट, शहरात आणीत होती, तिथून ती रेल्वे २०१७ मध्ये उठली आणि तिच्या जागेवर मोटारींचा रस्ता झाला. सार्वजनिक वाहनाची जागा खाजगी वाहनांना दिली गेली. मी त्या रस्त्याच्या विरुद्ध नाही. परंतु ज्या भूमीवर सामान्य प्रवाशाचा वहिवाटीचा हक्क इतका जुना आहे, तिथे पहिला मान बसला मिळावा, एवढे मागणे न्यायाचे आहे. आता अभनपूरची मेमू गाडी मार्च २०२५ पासून नव्या रायपुरातून धावू लागली आहे; तिच्या वेळांशी बसच्या वेळा जुळविल्या नाहीत तर तीही शहराच्या कडेलाच राहील. तसेच भाटागावचे. पंडरीचे बसस्थानक २०२१ मध्ये तिकडे गेले, शहरातली गर्दी कमी झाली हे खरे; परंतु गरियाबंद वा महासमुंदहून आलेल्या रुग्णाला भाटागावी उतरून मेकाहारा रुग्णालय गाठण्यासाठी ऑटोवाल्याशी भाड्याची घासाघीस करावी लागत असेल, तर त्या सोयीचा भार नेमका ज्याला सोसवत नाही त्याच्यावर पडला.

बस कोणासाठी, असा प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर सकाळी सात वाजता शहराच्या मजूर-चावडीवर जाऊन घ्यावे. हातात टिफिन आणि घमेले घेऊन रेजा, म्हणजे मजूर बाया, आणि कुली तिथे कामाची वाट पाहत उभे असतात. ज्या दिवशी काम मिळते त्या दिवशीच्या मजुरीतून जाण्या-येण्याचे ऑटोभाडे वजा झाले की हाती काय उरते, याचा हिशेब त्या बाया बोटांवर करतात. घरकाम करणाऱ्या बायका, कॉलेजात जाणाऱ्या मुली, औषधाच्या दुकानात रात्री दहापर्यंत उभी राहणारी पोरे, वृद्ध पेन्शनर, उरल्याच्या कारखान्यात पाळीवर जाणारा कामगार, हे सारे या शहराचे करदाते आहेत. त्यांतही मुलींचा प्रश्न मला सर्वांत निकडीचा वाटतो. घरापासून बारा किलोमीटरवर असलेल्या महाविद्यालयात चांगला अभ्यासक्रम आहे आणि घराजवळ साधारण आहे, अशा वेळी मुलीने जवळचेच घ्यावे असे आई-वडील ठरवितात, कारण संध्याकाळी परत येण्याची खात्रीची सोय नसते. मुलाला मोटारसायकल मिळते. बसची एक फेरी नसल्यामुळे बुद्धिमान मुलीचे आयुष्य लहान होते, आणि हा तोटा कोणत्याही ताळेबंदात लिहिला जात नाही. पुण्यातल्या, मुंबईतल्या आपल्या आज्या-आत्या पीएमटीने आणि बेस्टने शिकल्या, नोकऱ्या केल्या, हे आपल्या मराठी घरांना ठाऊक आहे. १५ जुलै १९२६ रोजी मुंबईत पहिली बस धावली तेव्हापासून त्या शहरातील स्त्रीच्या स्वातंत्र्यात बसचा वाटा आहे, हे मी कोणाही इतिहासकारापुढे मांडायला तयार आहे.

काही जण म्हणतील, की मुंबई-पुण्याची गोष्ट वेगळी, रायपूरएवढ्या शहराला हे झेपणार नाही. त्यांना मी समुद्रकाठच्या दोन शहरांकडे पाहण्यास सांगेन. रत्नागिरी आपल्यापेक्षा पुष्कळ लहान. चढउताराचे रस्ते, पावसाळा प्रचंड. तिथे शहरबस एसटी चालविते. विशाखापट्टणम आपल्यापेक्षा मोठे खरे, पण आपल्या रायपूरशी रेल्वेने जोडलेले शेजारचे बंदर; तिथली शहरबस आंध्रचे राज्य परिवहन महामंडळ चालविते, आणि त्या महामंडळाच्या कर्मचाऱ्यांना १ जानेवारी २०२० पासून राज्याने सरकारी नोकरीत सामावून घेतले. या दोन्ही ठिकाणी सारे सुरळीत आहे असा माझा दावा नाही. मात्र तिथे रात्रीची शेवटची गाडी आली नाही तर नागरिकाला कोणाचा दरवाजा ठोठवावा हे माहीत असते, आणि आपल्याला ते माहीत नाही.

तोट्याच्या आक्षेपाला मी आता सरळ उत्तर देतो. शहरबस तिकिटावर नफा करील अशी अपेक्षा जगातील फार थोड्या शहरांत पुरी झाली आहे. मुंबईत बेस्टने पुष्कळ वर्षे आपल्या वीजविभागाच्या शिलकीतून बसची तूट भरून काढली. ती कल्पना उत्तम होती, कारण जो शहरात दिवे जास्त लावतो तो शहरातल्या पायी माणसाच्या प्रवासाला थोडा हातभार लावतो. रायपूर महानगरपालिकेजवळ वीज नाही. पण वाहनतळाचे शुल्क आहे, जाहिरातींचे उत्पन्न आहे, बसस्थानकाच्या जागेतील दुकानांचे भाडे आहे, आणि राज्याजवळ नव्या वाहनांच्या नोंदणीचा कर आहे. यांतला एक ठराविक हिस्सा, दरवर्षी नव्याने मागावा लागणार नाही अशा रीतीने, कायद्याने बससाठी बांधून दिला पाहिजे. दरवर्षी मागून मिळणारा पैसा पहिल्याच टंचाईच्या वर्षी बंद होतो, आणि एकदा फेऱ्या तुटल्या की गेलेला प्रवासी परत आणायला अनेक वर्षे लागतात.

या साऱ्यासाठी जी संस्था पाहिजे तिचे स्वरूप फार गुंतागुंतीचे नको. रायपूर, बिरगाव आणि नवा रायपूर यांच्यासाठी मिळून एकच परिवहन मंडळ असावे, कारण माणूस घरून निघून कामावर जातो तेव्हा नगरपालिकेची हद्द पाहून जात नाही. त्याचा प्रमुख पूर्णवेळ असावा आणि त्याची मुदत पाच वर्षांची असावी, म्हणजे बदलीच्या हुकुमाने काम अर्धवट सुटणार नाही. चालकांची भरती गाडीमागे दोन-अडीच या प्रमाणात व्हावी, कारण दोन पाळ्या, साप्ताहिक सुटी आणि रजा धरल्या तर त्याहून कमी माणसांत गाडी रोज निघत नाही. आणि ज्या माणसाच्या हाती साठ जिवांचा भार आहे त्याला पगार वेळेवर मिळावा. प्रत्येक थांब्यावर हिंदी आणि छत्तीसगढीत वेळापत्रक लावलेले असावे, आणि त्याखाली जबाबदार अधिकाऱ्याचे पद आणि दूरध्वनी क्रमांक असावा. महिन्याच्या शेवटी ठरलेल्या फेऱ्या किती आणि झालेल्या किती, हा एकच आकडा वर्तमानपत्रात प्रसिद्ध व्हावा. माझी खात्री आहे की हा एक आकडा दरमहा छापून आला तर निम्म्या उणिवा आपोआप भरून निघतील.

आणि येथे आपणा सुशिक्षितांचे काम येते. शंभर गाड्यांची मागणी आपण केली नाही, दिल्लीने त्या दिल्या. त्यांच्यासाठी मंडळ मागण्याचे काम तरी आपण करावे. महानगरपालिकेचे अंदाजपत्रक येण्यापूर्वी या मागणीचे एक निवेदन महापौर, आयुक्त आणि परिवहनमंत्री या तिघांकडे गेले पाहिजे. त्याचा मसुदा मी सोबत आणला आहे आणि तो बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे. त्यावर मराठी, हिंदी, छत्तीसगढी, गुजराती, सिंधी, बंगाली अशा सर्व घरांच्या सह्या हव्यात. आपण आपली सही करावी, आणि आपल्या घरी काम करायला येणाऱ्या बाईला ती रोज कशाने येते हे विचारून, तिची इच्छा असेल तर तिचीही सही घ्यावी.